महाशीर, नदीचे पात्र आणि कायदा

अमरकंटकाच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन खंभातच्या आखातास मिळते. या प्रवासाचा सुमारे एक तृतीयांश भाग संपल्यावर ती जबलपूर शहराच्या दक्षिणेकडून वाहते. ग्वारीघाट व तिलवाराघाट मागे टाकून ती भेडाघाटास येते, धुवाँधार येथे कड्यावरून उडी घेते आणि संगमरवराच्या उभ्या भिंतींमधील अरुंद दरीतून पुढे जाते. हे सौंदर्य पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी जबलपुरास येतात. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष पाण्याखालच्या सृष्टीकडे जाते. नदीचे पात्र वरून एकसारखे दिसले, तरी आतून ते तसे नसते. कोठे खोल व संथ डोह असतात. कोठे गोट्यांवरून व खडीवरून पाणी उथळ, वेगाने आणि आवाज करीत धावते. या दुसऱ्या भागास खळाळ म्हणतात. डोह आणि खळाळ यांच्या या आलटून पालटून येणाऱ्या मांडणीवर नदीतील जीवसृष्टीचा मोठा भाग अवलंबून असतो.

या सृष्टीतील सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे महाशीर मासा होय. मराठी मुलखात त्याच्या जातभाईंस खडस म्हणतात. नर्मदेत आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव टॉर टॉर असे आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १८२२ मध्ये महानंदा नदीतील माशावरून तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. २०११ मध्ये मध्यप्रदेश शासनाने महाशिरास राज्यमत्स्याचा मान दिला. वाघ, बारशिंगा यांच्याप्रमाणे एका माशासही राज्याच्या वैभवात स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मान मिळाल्याने मासा वाचतो काय? त्यासाठी कायदा पुरेसा आहे काय? आणि नदी सुधारण्यासाठी हाती घेतलेली कामेच त्या माशास बाधक ठरू लागली, तर काय करावे? या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

माशाचा जीवनक्रम

कोणत्याही प्राण्याचे रक्षण करावयाचे, तर प्रथम त्याचा जीवनक्रम जाणला पाहिजे. रोहू, कटला व मृगळ हे आपल्या परिचयाचे मासे पावसाळ्यात नदीस पूर आला, की एकाच हंगामात लक्षावधी अंडी घालतात. त्यांची अंडी पाण्यात जवळजवळ तरंगत प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि एका दिवसाच्या आतच फुटून पिले बाहेर येतात.

महाशिराची रीत निराळी आहे. त्याची अंडी संख्येने कमी, आकाराने मोठी आणि पाण्याहून जड असतात. ती तळाशी जाऊन खडीच्या फटींत विसावतात. त्यांतून पिले बाहेर येण्यास सामान्यतः तीन-चार दिवस लागतात. नुकतीच जन्मलेली पिले प्रकाश टाळतात व दगडगोट्यांच्या आडोशास राहतात. एवढा काळ खडीमधून स्वच्छ व प्राणवायूने भरलेले पाणी सतत वाहत राहिले, तरच ती जगतात. खडीच्या फटी बारीक गाळाने बुजल्या, तर अंडी गुदमरतात. खडीच उचलून नेली, तर अंड्यांना थाराच उरत नाही.

महाशीर प्रवासीही आहे. पाणी वाढताच मोठे मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर सरकतात व उपनद्यांत शिरून योग्य खडी शोधतात. पाणी ओसरू लागले, की ते मोठ्या डोहांकडे परततात. उन्हाळ्यात नदीची धार क्षीण झाली म्हणजे हे डोहच त्यांचे आश्रयस्थान असते. याप्रमाणे या माशास तीन गोष्टी आवश्यक आहेत : अंड्यांसाठी स्वच्छ खडी, उन्हाळ्यासाठी खोल डोह आणि या दोहोंमध्ये जाण्या-येण्याचा मोकळा मार्ग. यांपैकी एक जरी नाहीशी झाली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

कायद्याची वाटचाल

भारतीय नद्यांतील माशांची नासाडी होत आहे, ही जाणीव जुनीच आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील माशांसंबंधी एक विस्तृत अहवाल सादर केला आणि त्यांच्या संरक्षणाची निकड दाखवून दिली. पुढे १८९७ मध्ये भारतीय मत्स्यपालन अधिनियम संमत झाला. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले. जाळ्यांची छिद्रे किती मोठी असावीत, पाण्यात अडथळे कोठे उभारावेत, मासेमारी कोणत्या काळात बंद असावी, यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक शासनांस मिळाला. एखाद्या विशिष्ट जलाशयात सर्व मासेमारी जास्तीत जास्त दोन वर्षे बंद ठेवण्याचीही त्यात तरतूद होती.

स्वातंत्र्यानंतर मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला. मध्यप्रदेशात १९४८ चा मत्स्यपालन अधिनियम आणि त्याखालील १९७२ चे नदीविषयक नियम लागू आहेत. या नियमांनुसार दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ बंद ऋतू मानला जातो. या दोन महिन्यांत नद्यांतील मासे मारणे, विकणे व त्यांची वाहतूक करणे यांस मनाई असते. नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नदीशी ज्यांचा संबंध नाही, अशी लहान तळी मात्र या बंदीतून वगळलेली आहेत.

१९७२ मध्येच वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याचे लक्ष आरंभी मुख्यतः भूचर प्राणी व पक्षी यांच्याकडे होते. माशांचा समावेश त्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये झाला आणि तोही देवमुशीसारख्या समुद्रातील माशांपासून. म्हणजे गोड्या पाण्यातील माशांचे रक्षण प्रामुख्याने मासेमारीच्या नियमांवरच सोपविलेले राहिले. राज्यमत्स्य हा किताब गौरवाचा असला, तरी केवळ त्याच्यामुळे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही.

कायद्याचे पंचांग आणि माशाचे पंचांग

येथे एक महत्त्वाची विसंगती लक्षात घेतली पाहिजे. १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ रोहू, कटला यांच्या प्रजननाशी बराच जुळतो. परंतु महाशिराचे काय?

बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, या परिसरात नर्मदेतील माशांचा सलग अभ्यास केला. त्या काळी तेथील पकडीत वजनाने सुमारे चतुर्थांश वाटा एकट्या महाशिराचा असे. या अभ्यासात सहभागी असलेले व्ही. आर. देसाई यांनी पुढे महाशिराच्या प्रजननासंबंधी सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की नर्मदेतील महाशीर एकाच वेळी सर्व अंडी घालीत नाही. पावसाळ्याच्या मध्यापासून, म्हणजे जुलै-ऑगस्टपासून, थेट मार्चपर्यंत तो टप्प्याटप्प्याने अंडी घालीत राहतो.

याचा अर्थ उघड आहे. १५ ऑगस्टनंतर जाळी पुन्हा पाण्यात पडतात, तेव्हा महाशिराचा प्रजननकाळ नुकताच सुरू झालेला असतो. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु सर्व माशांस त्यांनी एकच पंचांग लावले. ज्या माशास राज्याने पुढे सर्वांत मोठा मान दिला, त्याचेच पंचांग निराळे निघाले.

जाळ्यापलीकडचे संकट

मासेमारी पूर्णपणे थांबली, असे क्षणभर गृहीत धरू. तेवढ्याने महाशिराची संख्या पूर्ववत होईल काय? तसे मानण्यास आधार नाही. कारण मासा ज्या पात्रात राहतो, ते पात्रच बदलले आहे.

जबलपूरच्या वरच्या अंगास नर्मदेवर बरगी धरण आहे. १९७४ मध्ये आरंभ झालेले त्याचे काम १९९० मध्ये पूर्ण झाले. राणी अवंतीबाईंच्या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब असून मंडला व सिवनी या जिल्ह्यांपर्यंत पसरलेला आहे. या धरणाने सिंचन, वीज आणि शहरास पिण्याचे पाणी मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु जेथे डोह व खळाळ होते, तेथे आता संथ पाण्याचा विस्तार आहे. कटला व रोहू अशा पाण्यात वाढू शकतात; खडीवर अंडी घालणाऱ्या महाशिरास त्याचा विशेष उपयोग होत नाही. धरणाची भिंत ओलांडून वर जाणे त्याला शक्य नाही, आणि धरणाच्या खालच्या अंगास पाण्याची पातळी पावसाऐवजी विजेच्या गरजेनुसार चढते व उतरते. सकाळी पाण्याखाली असलेली खडी सायंकाळी उघडी पडली, तर तिच्यातील अंडी सुकून जातात.

दुसरे संकट वाळू व खडी यांच्या उपशाचे आहे. नगरे वाढली, इमारती वाढल्या, तशी वाळूची मागणीही वाढली. बांधकामाच्या दृष्टीने जो माल, तोच माशाच्या दृष्टीने सूतिकागृह होय. वाळू उपसणारा माणूस जाळे टाकीत नाही. त्यामुळे मासेमारीचे नियम त्याला लागू पडत नाहीत. तो खनिजांच्या नियमांखाली येतो, आणि त्या नियमांत अंड्यांचा हंगाम मोजण्याची रीत नाही.

तिसरे संकट मलिनतेचे. जबलपूरजवळ नर्मदेस मिळणारी गौर नदी आणि हिरन नदीची उपनदी परियट यांच्या काठी दुभत्या जनावरांचे मोठमोठे गोठे उभे राहिले. त्यांतील शेण व सांडपाणी या लहान नद्यांत जात राहिले, आणि हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला. शेण कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. प्राणवायू घटला, की प्रथम नाहीसे होतात ते महाशिरासारखे, वाहत्या व स्वच्छ पाण्याचे मासे. मोठ्या नदीत मुबलक पाण्याने मळ सौम्य होतो. लहान उपनदीस तेवढा आधार नसतो. आणि अंडी घालण्यासाठी महाशीर अशाच उपनद्यांत शिरतो, हे पूर्वी सांगितलेच आहे.

सुधारणेची कामे आणि त्यांतील धोका

अशा प्रवाहांचे पुनरुज्जीवन करावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि स्तुत्यही आहे. २ जुलै २०१७ रोजी मध्यप्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात एकाच दिवशी सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. २०२४ पासून ‘जल गंगा संवर्धन अभियान’ या नावाने नद्या, तळी, विहिरी व बावड्या यांची स्वच्छता व दुरुस्ती हाती घेण्यात आली. २०२५ मध्ये हे काम ३० मार्च ते ३० जून असे तीन महिने चालविण्यात आले.

अशा कामांचे प्रकार सामान्यतः ठरलेले असतात. पात्रातील गाळ काढणे, पात्र खोल व सरळ करणे, काठास दगडी बांध घालणे, ठिकठिकाणी लहान बंधारे उभारून पाणी अडविणे आणि काठावर झाडे लावणे. यांतील प्रत्येक काम माणसाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. परंतु माशाच्या दृष्टीने त्यांचे परिणाम भिन्न असतात.

काठावरील झाडे जवळजवळ नेहमीच हितकर ठरतात. त्यांच्या सावलीने पाणी थंड राहते, मुळांनी माती धरून ठेवली जाते आणि पाने व किडे पाण्यात पडून माशांस अन्न मिळते. गाळ काढण्याचे तसे नाही. खडीवर साचलेला बारीक गाळ हळुवारपणे दूर केला, तर खडी मोकळी होते. परंतु पोकलेनसारख्या यंत्राने सर्व पात्र उकरून काढले, तर गाळाबरोबर खडीही जाते आणि डोह व खळाळ यांचा भेद पुसला जाऊन एक सरळ चर उरतो. असा चर पुराचे पाणी वेगाने वाहून नेतो, पण त्यात महाशीर राहू शकत नाही. लहान बंधाऱ्याने विहिरींचे पाणी वाढते. पण त्याची भिंत मीटरभर उंच असली, तरी कमी पाण्यात ती माशाचा मार्ग अडविते. मोठ्या धरणास पर्यावरणाच्या दृष्टीने पूर्वपरवानगी घ्यावी लागते; लहान बंधाऱ्यास तशी परवानगी लागत नाही. एक लहान बंधारा क्षम्य वाटतो. परंतु एकाच उपनदीवर असे दहा बंधारे झाले, की तिचे अकरा तुकडे होतात.

याप्रमाणे कायदा माशाच्या शरीराचे रक्षण करतो आणि पुनरुज्जीवनाची योजना पाण्याची काळजी घेते. मात्र मासा आणि पाणी यांच्यामधील दुवा, म्हणजे पात्राची रचना, दोहोंच्या दृष्टीतून निसटतो.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ भारतापुढेच आहे असे नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांचा कठोर कायदा झाला. त्याच वर्षी टेनेसी राज्यातील एका नदीत बोटाएवढा, गोगलगाई खाणारा एक मासा आढळला; त्यास स्नेल डार्टर असे नाव मिळाले. त्या नदीवर टेलिको धरण बांधून जवळजवळ पूर्ण होत आले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने माशाच्या बाजूने निर्णय देऊन धरण थांबविले. पुढे १९७९ मध्ये विधिमंडळाने या धरणापुरती सूट दिली व ते पूर्ण झाले. काही मासे दुसऱ्या नदीत नेऊन सोडण्यात आले, इतर प्रवाहांतही ते आढळले, आणि २०२२ मध्ये हा मासा संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला.

या कायद्याची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. संकटग्रस्त मासा पकडणे, त्रास देणे किंवा त्याच्या निवाऱ्यास हानी पोहोचविणे यांस कायद्याने मनाई केली. परंतु नदी सुधारावयाची, तर पात्रात उतरावेच लागते, तळ हलवावा लागतो, कधी काम चालू असेपर्यंत मासे पकडून बाजूच्या पाण्यात सोडावे लागतात. म्हणजे माशाच्या हितासाठी करावयाचे कामही कायद्याच्या भाषेत माशास इजा करणारे ठरू लागले. यावर पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या राज्यांत जो तोडगा काढण्यात आला, तो मननीय आहे. प्रत्येक प्रवाहासाठी पात्रात काम करण्याचे दिवस ठरवून देण्यात आले. सामन मासा अंडी घालीत नसेल व पिले खडीत नसतील, असाच काळ त्यासाठी निवडण्यात आला. माशांची हलवाहलव प्रशिक्षित माणसांनी, परवानगी घेऊन व नोंद ठेवून करावी, असे ठरले. एकसारख्या स्वरूपाच्या कामांना ठरावीक अटींवर एकत्रित संमती देण्याची पद्धतही पडली.

त्याच प्रदेशाचा एक जुना धडा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मत्स्यखात्यांनी प्रवाहांत पडलेले ओंडके हे सामन माशांच्या मार्गातील अडथळे आहेत असे समजून मोठ्या खर्चाने काढून टाकले. पुढे संशोधनाने असे दाखविले, की याच ओंडक्यांमुळे डोह तयार होत होते, खडी अडून राहत होती व पिलांस आडोसा मिळत होता. मग पुन्हा खर्च करून तेच ओंडके प्रवाहांत ठेवावे लागले. स्वच्छ दिसणारी नदी आणि निरोगी नदी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून कळून येते.

कावेरी आणि लोणावळा

आपल्या देशातही असाच एक बोधप्रद प्रसंग घडला आहे. लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीच्या तलावांच्या आश्रयाने १९७० च्या दशकापासून महाशिराची पैदास केली जाते. निळ्या परांच्या महाशिराची, म्हणजे टॉर खुद्री या जातीची, बोटुकली तेथे मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि देशातील अनेक नद्यांत व जलाशयांत सोडण्यात आली. एक दुर्मिळ मासा प्रयोगशाळेच्या मदतीने वाचविता येतो, हे या कार्याने सिद्ध केले. त्यासाठी मराठी मुलखास अभिमान वाटावा, हे योग्यच आहे.

परंतु ही बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तेथे पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला एक निराळा महाशीर पूर्वापार नांदत होता. त्याची नेमकी जात कोणती, याचा उलगडा २०१८ मध्ये झाला. टॉर रेमादेवी असे तिचे नाव आहे. तोपर्यंत ती विनाशाच्या काठावर पोहोचली होती, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला अतिसंकटग्रस्त ठरविले. बाहेरून आलेल्या जातभाईची वाढ हे तिच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण मानले जाते.

हा ऱ्हास कळला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. कावेरीच्या काठी गळाने मासा पकडून त्याची नोंद करून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी लोकांची शिबिरे होती. त्यांच्या नोंदवह्यांवरून वशिंडाचा महाशीर कसा कमी कमी होत गेला, ते शास्त्रज्ञांस समजले. ही शिबिरे अभयारण्याच्या हद्दीत असल्याने, वन्यजीव कायद्याच्या अर्थानुसार गळ टाकणे हीसुद्धा शिकारच ठरली व या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी ती बंद झाली. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत होते. परंतु त्याबरोबर माशांच्या नोंदीचे एक साधनही गेले आणि सुरुंग लावणाऱ्यांवर नदीकाठी लक्ष ठेवणारी माणसेही गेली. आधी माहिती, मग उपाय, हा क्रम चुकला म्हणजे सद्हेतूनेही हानी होते, हे कावेरीने शिकविले.

नर्मदेच्या बाबतीत हा धडा विशेष लागू पडतो. टॉर टॉर या जातीच्या एकंदर स्थितीविषयी माहिती अपुरी आहे, असाच शेरा निसर्गसंवर्धन संघाने २०१८ मध्ये दिला आहे. खरगोन जिल्ह्यातील बडवाह वनविभागात नर्मदेच्या महाशिराची पैदास करून संवर्धन करण्याचा प्रयत्न झाला आहे. अशी पैदास नर्मदेच्याच माशांपासून व्हावी आणि पिले सोडण्यापूर्वी तेथील पात्र त्यांस राहण्याजोगे करावे, ही दक्षता सर्वांत आधी घेतली पाहिजे.

देवाचे डोह

कायद्यापूर्वीही लोकांनी मासे राखले आहेत. रायगड किल्ल्याच्या परिसरातील वाळणकोंड येथे आणि वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात महाशीर देवाचे म्हणून राखले जातात. गावकरी त्यांस मारीत नाहीत, उलट त्यांस खाऊ घालतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, देवळाजवळच्या पाण्यात, २०२० मध्ये शास्त्रास नवी असलेली एक लहानशी मत्स्यजाती नोंदविण्यात आली. नदीवरून तिला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव देण्यात आले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने २.११ हेक्टरांचा तो परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला. येथे मासा आणि त्याचे घर यांस एकाच आज्ञेने संरक्षण मिळाले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय.

देवाच्या डोहांची मर्यादाही लक्षात घ्यावी. ते उन्हाळ्यातील आश्रयस्थान राखतात. परंतु अंडी घालण्याची खडी व तिकडे जाण्याचा मार्ग डोहाच्या बाहेर असतो. तेथे श्रद्धेची सीमा संपते व शासनाची जबाबदारी सुरू होते.

तोल कसा साधावा

जबलपूरच्या परिसरात हा तोल साधावयाचा, तर माशाच्या वर्षाकडे पाहून कामाचे वर्ष ठरविले पाहिजे. जुलैपासून मार्चपर्यंत महाशिराची अंडी व पिले खडीत असण्याचा संभव असतो. म्हणून खळाळाच्या भागात यंत्रे व माणसे यांनी तेव्हा उतरू नये. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत खडी मोकळी असते. तेथील गाळ काढणे, काठ बांधणे अशी कामे याच काळात उरकावीत. परंतु ठीक याच काळात सर्व मोठे मासे डोहांत एकवटलेले असतात व पाणी अत्यल्प असते. तेव्हा डोहांस हात लावणे किंवा त्यांत जाळी टाकणे अतिशय घातक होय. म्हणजे संपूर्ण नदीस सुरक्षित असा एकही महिना नाही. सुरक्षित काळ पात्राच्या प्रत्येक भागासाठी निराळा आहे. सरसकट दोन महिन्यांच्या बंदीस जोडून निवडक डोहांस उन्हाळ्यात आणि निवडक खळाळांस हिवाळ्यात संरक्षण दिले, तर थोड्या बंदीत अधिक लाभ होईल.

मासेमारांच्या दृष्टीनेही हेच हितकर आहे. ढीमर, केवट, कहार या समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका नर्मदेवर चालते. बरगी धरणाने विस्थापित झालेल्यांनी १९९० च्या दशकात सहकारी संस्था स्थापून जलाशयात मासेमारीचा हक्क मिळविला होता. सर्व नदी सदैव बंद ठेवणारा नियम अशा कुटुंबांवर अन्याय करील आणि पाळलाही जाणार नाही. कोणत्या डोहात मोठा मासा राहतो, कोणत्या नाल्यात तो चढतो, हे ज्ञान या लोकांपाशी पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. डोह निवडताना त्यांना विचारले, तर नियमास शास्त्राचा व लोकांचा असा दुहेरी आधार मिळेल.

उरतो तो खात्यांचा प्रश्न. मासा मत्स्यखात्याकडे, काठ वनखात्याकडे, पाणी जलसंपदा खात्याकडे, वाळू खनिजखात्याकडे आणि सांडपाणी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली स्थापन झालेल्या मंडळाकडे, अशी नदीची वाटणी झालेली आहे. धरणातून किमान किती पाणी सोडावे, हे केंद्र शासनाने २०१८ मध्ये गंगेच्या काही पट्ट्यांसाठी ठरवून दिले. नर्मदेसाठीही पाण्याच्या वाटपात माशांचा वाटा मोजला गेला, तर प्रत्येक खात्यास आपल्या कामाची मर्यादा कळेल. प्रवाहात कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : येथे कोणते मासे राहतात? त्यांची खडी, डोह व मार्ग कोठे आहेत? काम झाल्यानंतर या तिन्ही गोष्टी शिल्लक राहतील काय? या प्रश्नांस बांधलेली संमती ही मासा पकडण्याच्या बंदीइतकीच आवश्यक आहे.

शाळांतील विद्यार्थ्यांसही यात वाटा उचलता येईल. आपल्या गावाजवळच्या नाल्यात अथवा नदीत डोह कोठे आहे, खळाळ कोठे आहे, उन्हाळ्यात पाणी कोठवर उरते, कोणते मासे कोणत्या महिन्यात दिसतात, यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, तर ती पुढील योजनांस उपयोगी पडेल. नर्मदेतील महाशिराविषयी आज जे निश्चित ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग १९५८ ते १९६६ या वर्षांत नदीकाठी बसून केलेल्या अशाच चिकाटीच्या नोंदींतून आलेला आहे. कायदा शासन करील, बांध अभियंते बांधतील. परंतु त्या दोहोंस योग्य दिशा दाखविणारी माहिती नदीकाठच्या माणसानेच गोळा करावयाची असते.